फुंकायची खोली

३ फेब्रुवारी, सोमवार

पोस्टर माझ्या गळ्यात पडलं! मोठ्या डॉक्टरांना फुंकायच्या खोलीत भिंतीवर सूचना हव्यात. स्वतः कागदावर लिहून घेऊन आले होते – "रुग्णाने दीर्घ श्वास घेऊन संपूर्ण उच्छ्वास वेगाने व अखंड करावा." मी वाचलं. म्हटलं, सर, उच्छ्वास म्हणजे काय हे विचारायला पेशंट बाहेर जाईल, तो परत यायचा नाही. ते हसले. "मग तुम्ही लिहा तुमच्या भाषेत." झालं. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?

या खोलीत शब्द दोनच लागतात – घ्या आणि सोडा. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. छाती भरेपर्यंत हवा आत घ्यायची, मग एका झटक्यात बाहेर, आणि आत काही उरत नाही तोवर सोडतच राहायचं. पडद्यावर रेघ चढते आणि वर जाऊन आडवी होते. आडवी झाली म्हणजे छाती रिकामी झाली. तो शेवटचा भाग माणूस आपणहून कधी सोडत नाही. तिथं मी लागते. सोडा सोडा सोडा सोडा, अजून अजून अजून, थांबू नका – हे सगळं एका दमात ओरडायचं. मध्ये आपण श्वास घेतला की पेशंटही घेतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून माझं नाव भोंगा. शेजारच्या खोलीतल्या एक्स-रेवाल्यानं ठेवलं. त्याचं काम माझ्या उलट. श्वास घ्या, रोखा! तो लोकांना थांबवतो आणि मी सोडायला लावते, असं तोच सगळ्यांना सांगत असतो.

सोमवार, म्हणून पेशंट यायच्या आत मी स्वतः फुंकलं. दर सोमवारी फुंकते. मशीन नवं आलं तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले होते, "तुमची छाती ठणठणीत आहे. तीच या खोलीचं माप. तुमचा आकडा हलला तर मशीन बिघडलं समजायचं." आकडा इतकी वर्षं जागचा हलला नव्हता. आज कमी आला. गेल्या महिन्यातही जरासा कमीच होता. थंडीनं मशीन आखडलं असेल. बघू.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोस्टरसाठी दिवसभर कान उघडे ठेवले. गंमत आहे. श्वास जवळजवळ कुणीच म्हणत नाही!

सकाळी बसचा कंडक्टर दारातल्या गर्दीला – "दम धरा, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या." दुपारी एक म्हातारा पेशंट त्याच्या सुनेबद्दल – "तिला दम कसा तो नाही, सारखी घाई." संध्याकाळी हे साहेबावर चिडून घरी आले – "मला दम देतो! कालचा आलेला!" आणि सासूबाई चहाचा घोट घेऊन – "या पावडरीत काही दम नाही." शिवाय मला – "आल्या आल्या कामाला जुंपू नकोस, बस, जरा दम खा." म्हणजे दम धरता येतो, देता येतो, खाता येतो, चहातही असावा लागतो. श्वास मात्र डॉक्टरांच्या तोंडी, नाहीतर पेपरात, तिथंही अखेरचा.

पोस्टरवर श्वास नको. "छाती भरून दम घ्या" असं लिहावं का?

६ फेब्रुवारी, गुरुवार

दगडाच्या कारखान्याची माणसं आली होती. दरवर्षी याच सुमारास येतात. फरशा कापणारे, घासणारे, पॉलिश करणारे. धुळीतलं काम, त्यामुळे वर्षातून एकदा सगळ्यांनी इथं फुंकायचं. आकडा ठरलेल्या रेषेच्या खाली गेला की कारखाना माणसाला धुळीतून उचलतो आणि फाटकावर नाहीतर आवारात बसवतो. नियम चांगला आहे. पण माणसांना तो फाशीच्या दोरासारखा वाटतो.

यंदा निम्म्याहून जास्त जण खाली! पॉलिशवाला सुद्धा. हा दरवर्षी सगळ्यात शेवटी आत येतो, खुर्चीत बसताना शर्टाचं वरचं बटण उघडतो आणि म्हणतो, "ताई, करा सुरू तुमचं भजन." गेल्या वर्षी त्याची रेघ अशी गेली होती की एक्स-रेवाल्याला बोलावून दाखवली होती मी. आज तीनदा फुंकायला लावलं. तिन्ही वेळा रेघ वर चढते, आडवी व्हायच्या आत तुटते. तो नळीकडे बघत राहिला.

"ताई, परत घ्या ना."

तीनच वेळा घेतात. चौथ्यांदा माणूस दमतो, मग आकडा आणखी पडतो. तसं सांगितलं. "पण मी दमलोच नाहीये!" म्हणाला. खरंच नव्हता दमला. मीच दमले होते, सकाळपासून ओरडून.

ती तुटणारी रेघ डोक्यातून जात नाही. छाती खराब असली तर रेघ बुटकी होते, रेंगाळते. अशी तुटत नाही. मशीन लवकर बंद होतंय, दुसरं काय?

८ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाईंचे कान गेले. स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या, बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद करून बसल्या होत्या, तरी ओ नाही. बाहेर येऊन विचारलं तर म्हणतात, "तू हाक मारलीस? पूर्वी तुझी हाक खालच्या मजल्यावरचे ओळखायचे." मी हसले. ह्यांना म्हटलं, आईंना कानाच्या तपासणीला न्यायला हवं. हे म्हणाले, "माझं तर सगळं ऐकतात. मी बोललो नाही तेही ऐकतात."

१० फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा कमी! आणि गेल्या सोमवारपेक्षा कमी.

मग मोठी पिचकारी काढली. तिच्यात ठरलेल्या मापाची हवा मावते, ती मशीनमध्ये ढकलायची आणि आकडा जुळतो का पाहायचं. जुळला. तीनदा ढकलली, तीनदा जुळला. मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "पिचकारी बरोबर, तर मशीन बरोबर." मी म्हटलं, सर, पिचकारीला छाती नसते. तिला कुणी घ्या-सोडा म्हणत नाही. माझा आकडा हलला म्हणजे मशीन बिघडलं, हे तुमचंच वाक्य आहे. आणि त्या कारखान्याच्या माणसांच्या रेघा बघा, सगळ्या एकाच ठिकाणी तुटल्यात. इतक्या जणांची छाती एकदम एकाच जागी कशी तुटेल?

ते विचारात पडले. रेघा पुन्हा पाहिल्या. "हे मात्र विचित्र आहे," म्हणाले. "मेकॅनिकला बोलवा." मग – "पण निकाल मला आज पाठवावे लागतील. धुळीचं काम आहे. चूक झालीच तर सावध बाजूची होऊ दे." त्यांचंही बरोबर आहे. पण पॉलिशवाल्याचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता.

एक्स-रेवाला जेवताना म्हणतो, "काय भोंगा, आजकाल भिंतीतून ऐकू येत नाही तुझं. प्रेमात पडलीस का?" मी त्याला पाण्याची बाटली फेकून मारली. लागली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पॉलिशवाल्याला फाटकावर बसवलं. तो आज सुट्टी नसताना आला, म्हणजे फाटकावर तो नसला तरी आता कुणाचं अडत नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिला, सगळे पेशंट संपेपर्यंत. मग आत आला. बटण वगैरे काही उघडलं नाही.

"ताई, तिथं स्टूल आहे. गाडी आली की उठायचं, गेली की बसायचं. पोरं विचारतात, काय झालं? दम संपला का? मी काय सांगू? मला काही होत नाही हो. अजून मोठी फरशी एका दमात पलटतो मी. माझा हात बसलाय त्या पॉलिशच्या मशीनवर. दगड चमकायला लागला की आपला चेहरा दिसतो त्यात, तोवर घासायचं. फाटकावर काय दिसतं?"

मी त्याला सांगितलं – तुमची छाती चांगली आहे. आमचं मशीन बिघडलंय. मेकॅनिक येतोय. मी तुम्हाला परत बोलावून घेईन. असं सांगायचा मला अधिकार नाही. तरी सांगितलं. ठामपणे सांगितलं! त्यानं दोन्ही हात जोडले, ते मला आवडलं नाही.

घरी येताना जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबले. आमच्या इमारतीच्या पायऱ्या उंच बांधल्यात, कॉन्ट्रॅक्टर चोर होता. कोपऱ्यावर उभी राहून मनातल्या मनात मोठ्या डॉक्टरांशी भांडले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाईंचे कान तपासले. कानवाली मुलगी म्हणते, "आजी, माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतंय तुम्हाला." सासूबाई घरी येईपर्यंत माझ्याकडे बघून हसत होत्या. बसमधून उतरताना म्हणाल्या, "आता तुझं काय तपासायचं?" मी म्हटलं, डोकं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तिसरा सोमवार. आकडा तिथंच, खाली.

मेकॅनिक आला. नळ्या काढल्या, फुंकर मारली, पिचकारी लावली. म्हणाला, "ताई, मला तर काही दिसत नाही." तुम्हाला दिसणार कसं, तुम्ही त्याला रोज सांभाळत नाही, असं मी म्हणाले. मशीनबद्दल इतकं भांडताना मलाच नवल वाटलं. शेवटी तो म्हणाला आतला एक पार्ट जुना दिसतोय, मागवून बघतो. मशीन घेऊन गेला. टेबलावर धुळीची चौकोनी जागा राहिली. खोलीत करायला काही नाही, म्हणून पोस्टर लिहायला घेतलं.

"नळी ओठांत घट्ट धरा. छाती भरून दम घ्या. जोरात सोडा. सोडत राहा." इथवर ठीक. पुढे काय लिहू? आत काही उरलं नाही असं वाटेल, तेव्हाही उरलेलं असतं. हे चार शब्दांत कसं सांगायचं? म्हणून तर ओरडावं लागतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खोकला. घसा बसला. रजा टाकली. मशीन नसताना आजारी पडले, हे बरं झालं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

खोकला तसाच. हे रात्रभर जागे राहिले असावेत, सकाळी डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाले, "तुझं ऐकत होतो." काय ऐकत होता? "काही नाही. श्वास." ह्यांच्या तोंडी हा शब्द! डॉक्टरांकडे चल म्हणाले. मी दिवसभर डॉक्टरांतच असते हो, असं म्हटलं. खरं तर त्यांच्या आवाजानं मी जरा घाबरले. मग काढा बिढा काही न करता झोपले, दुपारी बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जिंकले!!

एक्स-रेवाल्याचा फोन. मशीन काल परत आलं. माझ्या जागी त्यालाच बसवलंय, हे काम तो पूर्वी शिकलेला आहे. मोठ्या डॉक्टरांनी आधी पॉलिशवाल्याला बोलावलं, मशीन सुधारलं का पाहायला. आणि पॉलिशवाल्याची रेघ – "अगं, आडवी झाली, आडवीच गेली, पडदा संपला!" गेल्या वर्षीइतकी! डॉक्टरांनी तिथल्या तिथं कारखान्याला फोन केला. पॉलिशवाला उद्यापासून मशीनवर.

मी म्हणत होते! ह्यांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही सांगितलं असतं, पण मग वर चढावं लागलं असतं. आज मला फार बरं वाटतंय. मशीन खोटं बोलत होतं आणि ते फक्त मला कळलं. कारण माप माझ्या छातीत आहे!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कामावर आले. दुपारी पॉलिशवाला आला, हाताला पांढरी पूड तशीच. हात मिळवावा की नाही याचा विचार करून शेवटी दारातूनच बोलला. तुमच्यामुळे झालं ताई, वगैरे. मग हसून – "पण तुमचा तो एक्स-रेवाला! काय माणूस आहे! ओरडतोय, ओरडतोय, थांबेचना! मला वाटलं आता जीव गेला. म्हटलं ह्याचं संपल्याशिवाय आपण थांबायचं कसं? तुम्ही आपल्या गोड बोलता."

गोड! मला! पंधरा वर्षांत मला या खोलीत कुणी गोड म्हटलं नव्हतं.

तो गेल्यावर दोन पेशंट घेतले. दोघांची रेघ तुटली, त्याच जागी. मेकॅनिकनं कसला पार्ट घातलाय कोण जाणे. आठवड्यात पुन्हा बिघडलं.

३ मार्च, सोमवार

सकाळी फुंकलं. कमी. आजवरचा सगळ्यात कमी.

मेकॅनिकला फोन लावला. चांगला झापणार होते, शब्दही ठरवून ठेवले होते. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, पार्ट कुठे आला अजून? तो मिळतच नाही. मी मशीन उघडून पुसलं, तपासलं, परत आणून ठेवलं. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं होतं मी. काहीच बदललं नाही त्यात."

मी म्हटलं, काहीच?

"स्क्रूसुद्धा जुनेच आहेत."

फोन ठेवला. बाहेर एक पेशंट बाई नळीची वाट बघत होत्या. त्यांना आत घेतलं. घ्या घ्या घ्या – सोडा! सोडा सोडा सोडा – आणि आज पहिल्यांदा रेघेकडे न बघता स्वतःच्या आवाजाकडे लक्ष दिलं. दुसऱ्या "अजून"पाशी माझा आवाज गेला. नुसते ओठ हलत होते. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी थांबले, त्या थांबल्या.

मी त्यांना बसा म्हटलं आणि शेजारून एक्स-रेवाल्याला बोलावलं. म्हटलं, घसा बसलाय, जरा तू ओरड. तो ओरडला. मी भिंतीला टेकून ऐकत होते. माझं जिथं संपलं होतं तिथून तो पुढे गेला, मग आणखी पुढे गेला, लाल झाला. बाईंची रेघ आडवी झाली. पडद्यावरचा आकडा चांगला होता. बाई खोकत खोकत हसल्या.

एक्स-रेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं.  म्हणाला, "भोंगा, सोमवारी तू फुंकतेस तेव्हा ओरडतं कोण?"

कुणी नाही. एकटीच फुंकते.

"उद्या मी ओरडतो."

संध्याकाळी जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर थांबले. पायऱ्या नीट पाहिल्या. सगळ्या इमारतींत असतात तेवढ्याच उंच आहेत. मला भीती वाटते आहे. त्याहून जास्त लाज वाटते. तो माणूस स्टुलावर बसला, ते माझ्या छातीमुळे. आणि मी त्याला सांगत होते, मशीन बिघडलंय!

४ मार्च, मंगळवार

मशीन बरोबर आहे.

मी खुर्चीत बसले, एक्स-रेवाला ओरडला. चांगला ओरडला. माझी रेघ आडवी झाल्यावरही तो ओरडत होता, कारण इतकी खाली आडवी होईल असं त्याला वाटलं नव्हतं. मग थांबला. उद्या माझा एक्स-रे तोच काढणार आहे.

मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. कारखान्याची माणसं पुन्हा बोलावायची, तो ओरडेल.

खुर्चीत बसल्यावर समोर कोरी भिंत दिसते, हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. पोस्टर तिथं लावलं. शेवटची ओळ सुचली – ओरडणारा थांबला तरी तुम्ही थांबू नका.